सोमवारचा ख्रिस्ती

गेल्या रविवारी आमच्या चर्चमध्ये प्रवचन होतं मुंगीवर. नीतिसूत्रे, सहावा अध्याय: "अरे आळशा, मुंगीकडे जा." पाळकसाहेब रंगात आले होते. मुंगीला ना मुकादम ना मालक, तरी ती उन्हाळ्यात दाणागोटा साठवते, मग आपण विश्वासणाऱ्यांनी किती झटलं पाहिजे, असं चाललं होतं. आणि नेमका तेव्हाच माझ्या शेजारचा माणूस घोरायला लागला.

हळू नाही. बेअरिंग गेलेला पंखा घरघरतो तसा. पुढच्या बाकावरची पोरं तोंडावर रुमाल धरून हसायला लागली. एका बाईंनी वळून माझ्याकडंच डोळे वटारले. मी त्याला कोपरानं ढोसणार, तेवढ्यात त्याच्या हाताकडं लक्ष गेलं. मनगटापासून कोपरापर्यंत बारीक बारीक पांढरट डाग. हे डाग कोल्हापूरच्या उद्यमनगरात, कारखान्यांच्या वस्तीत, वाढलेल्या माणसाला सांगावे लागत नाहीत. वितळलेलं बीड, म्हणजे ओतीव लोखंड, ओतताना शिंतोडे उडतात, त्याचे डाग असतात ते. गडी शिरोलीत फौंड्रीला, म्हणजे बीड ओतायच्या कारखान्यात आहे. तिसरी पाळी करून सकाळी सुटलेला, घरी तोंडावर पाणी मारून थेट उपासनेला आलेला. मी कोपर मागं घेतलं.

माझ्या वडिलांच्या हातावरही असेच डाग होते.

आप्पा मोल्डर होते. १९७१ ते २००४, तेहतीस वर्षं, उद्यमनगरातल्या एकाच फौंड्रीत. ज्यांनी हे काम बघितलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. लोखंडी पेटीत पॅटर्न ठेवायचा, म्हणजे जी वस्तू बनवायची तिचा लाकडी नमुना. त्याच्याभोवती ओलसर काळी वाळू ठोकून ठोकून बसवायची. मग पेटी उघडून पॅटर्न अलगद उचलायचा. वाळूत जी पोकळी उरते तिच्यात चौदाशे अंशांच्या आसपास तापलेलं बीड ओतायचं. ऐकायला सोपं वाटतं. दिवसभर उकिडवं बसून वाळू ठोकल्यावर संध्याकाळी माणूस सरळ उभा राहीपर्यंत दोन मिनिटं जातात. आप्पा घरी आले की आधी दाराची चौकट धरून उभे राहायचे. लहानपणी मला वाटायचं, सगळ्यांचे वडील घरात शिरायच्या आधी चौकट धरतात.

त्यांच्या कारखान्याची सुट्टी सोमवारी. कोल्हापूरच्या बाजारपेठेलाही सोमवारच्या सुट्टीची सवय आहे, त्यामुळं गावाला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. चर्चला वाटायचं. आई, मी आणि धाकटी बहीण रविवारी उपासनेला जायचो आणि आप्पांची जागा रिकामी. नाताळ, उत्तम शुक्रवार (गुड फ्रायडे), कधी रजा मिळाली तर एखादा रविवार, बास. मंडळीतल्या एका पांढरपेशा गृहस्थानं त्यांचं नाव पाडलं, "सोमवारचा ख्रिस्ती." हसत हसतच. पण मी दहा वर्षांचा होतो, मला ते चेष्टेतलं वाटलं नाही.

नाव मात्र अगदी खरं होतं. आप्पा दर सोमवारी चर्चला जायचे. वॉचमनकडून किल्ली घ्यायची, आत जाऊन शेवटच्या बाकावर बसायचं, दहा-पंधरा मिनिटं. मग उठून काहीतरी दुरुस्त करायचं. बाकाचा हललेला पाय, खिडकीची कडी, वाऱ्यानं आपटणारं दार. मला बरोबर नेलं की खिळे धरायला लावायचे. प्रार्थना काय केली हे कधी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. हजेरीच्या वहीत सोमवारचा रकाना नव्हता.

पुढं मोठेपणी वाचताना कळलं, की आप्पांची पंगत बरीच जुनी निघाली. रविवारी काम बंद ठेवायचा हुकूम रोमी साम्राज्यात सम्राट कॉन्स्टंटाइननं काढला तो ३२१ साली, आणि त्यातही शेतकऱ्यांना सूट होती. म्हणजे त्याआधी जवळजवळ तीनशे वर्षं ख्रिस्ती माणसं, त्यातले कितीतरी दास आणि हातावर पोट असलेले, रविवारी कामाला जात होती आणि पहाटे नाहीतर रात्री जमत होती. आपल्याकडंही रविवारची सुट्टी आभाळातून पडली नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांसाठी वर्षानुवर्षं भांडून ती १८९० साली मिळवली. ख्रिस्ती नव्हते ते, जोतिरावांचे सत्यशोधक अनुयायी. आमच्या चर्चमध्ये चौथ्या आज्ञेवर, म्हणजे शब्बाथ हा विसाव्याचा दिवस पाळा यावर, प्रवचन होतं तेव्हा त्यांचं नाव कुणी घेत नाही. घ्यायला हरकत नाही असं माझं मत. आणि शब्बाथ मनुष्यासाठी आहे, मनुष्य शब्बाथासाठी नाही, हे तर खुद्द प्रभूचे शब्द.

असो. हंगामाच्या सणाची एक गोष्ट सांगायचीच आहे.

आमच्याकडं हंगामाच्या उपासनेला लोक आपापल्या कष्टाचं काहीतरी आणतात. खेड्यातली मंडळी ज्वारी, भात, भुईमूग, गूळ, कोंबड्या. शहरातले बहुतेक लोक मंडईतून भोपळा विकत घेऊन येतात. उपासनेनंतर त्याचा लिलाव होतो. मी सातवीत असताना तो रविवार आप्पांना रजेचा मिळाला. ते पिशवीतून घेऊन आले बिडाचा तवा. स्वतः वाळूत बसवलेला, स्वतः ओतलेला. धातूचे पैसे वजनावर मालकाला मोजून दिलेले, हे आईनं नंतर सांगितलं. वेदीपुढं भोपळे, उसाच्या मोळ्या आणि मधोमध तो काळा कुळकुळीत तवा. लोक हसले. लिलाव करणाऱ्या काकांनीही "आता हा कोणत्या शेतात पिकला?" म्हणून विनोद केला. आप्पा शांतपणे म्हणाले, "उद्यमनगरात."

तो तवा एका म्हाताऱ्या मावशींनी घेतला. एकवीस रुपयांना. त्यांच्या सुनेच्या हातच्या आंबोळ्या मी अजून खातो त्याच तव्यावरच्या.

आप्पांनी मला मोल्डिंगला घातलं नाही. "वाळूत नको," म्हणाले आणि ओळखीच्या एका पॅटर्न मिस्त्रींकडं सोडलं. म्हणजे तसा मी सुतार. (येशूही सुतारच, हा नेहमीचा विनोद ह्यावर चर्चमध्ये एकूण एक माणसानं एकदातरी केलेला आहे.) फरक इतकाच की आमचं लाकूड कुणाच्या घरात जात नाही. सागवानाचा नमुना करायचा, लांबी (पुट्टी) भरायची, घासायचा, रंगवायचा आणि फौंड्रीला द्यायचा. तिथं तो वाळूत पुरला जातो, शंभरदा, पाचशेदा, आणि शेवटी कोपऱ्यात धूळ खात पडतो. गिऱ्हाईक बघतं ते कास्टिंग, म्हणजे ओतून तयार झालेली वस्तू.

ह्या धंद्यातली पहिली शिकवण मला मिस्त्रींनी नाही, आप्पांनी दिली. पॅटर्नच्या उभ्या बाजूंना थोडा उतार द्यावा लागतो. आम्ही त्याला टेपर म्हणतो. एखाद-दोन अंश. डोळ्याला दिसतही नाही. पण तो नसला तर पॅटर्न वाळूतून काढताना कडा ढासळतात आणि मोल्डरची अर्ध्या तासाची मेहनत मातीत जाते. मी पहिला पॅटर्न केला तेव्हा तो अगदी काटकोनात, गुण्या लावून बघावा असा केला होता. मोठ्या कौतुकानं घरी आणून दाखवला. आप्पांनी अंगठा फिरवला आणि म्हणाले, "दिसायला झ्याक हाय रं. पण काढणाऱ्याचा जीव जाईल."

काढणाऱ्याचा. त्यांनी माझ्या कामाकडं बघितलं ते वाळूत उकिडवं बसलेल्या माणसाच्या बाजूनं. ख्रिस्ती माणसाच्या कष्टाबद्दल मी नंतर पुष्कळ ऐकलं, तरी माझ्या लेखी मोठी गोष्ट अजूनही तीच. नुसता घाम गाळण्याला माझ्या मते काही पुण्य नाही. माझ्यानंतर ते काम ज्याच्या हातात जाणार त्याचा जीव जातो का वाचतो, हे बघायचं.

माझ्या कामाच्या बाकावर भिंतीला बायबलमधल्या कलस्सैकरांस पत्रातलं वचन लावलंय, जे काही करता ते माणसांसाठी म्हणून नव्हे तर प्रभूसाठी म्हणून जिवेभावे करा. पुष्कळ ख्रिस्ती घरांत, दुकानांत हे लावलेलं असतं. पण ते कुणाला लिहिलंय ते बघितलंय का? एक ओळ वर जा. "दासांनो." ज्यांना पगार नव्हता, राजीनामा नव्हता, त्यांना प्रेषित पौल, ते पत्र लिहिणारा, सांगतोय की तुमचं काम बघणारा तुमच्या धन्याच्या वरचा कुणीतरी आहे. आणि थोडं खाली गेलं की धन्यांनाही बजावलंय, दासांशी न्यायानं आणि समतेनं वागा, तुमच्या डोक्यावरही स्वर्गात धनी आहे. ती ओळ मी कुठल्याच मालकाच्या केबिनमध्ये बघितलेली नाही. याकोबाच्या पत्रात तर अडवून ठेवलेली मजुरी स्वतःच ओरडते असं लिहिलंय. त्यावरचं प्रवचन मी चाळीस वर्षांत एकदा ऐकलं, तेही पाहुण्या पाळकांचं.

तेच थेस्सलनीकाकरांच्या पत्राचं. "काम नाही तर खाणं नाही" असं सर्रास सांगितलं जातं. मूळ वाक्यात काम करायची *इच्छा* नसेल तर, असं आहे. इच्छा हा शब्द गाळला की वाक्य भलत्याच माणसाच्या अंगावर जातं. एका मंदीत आप्पांची फौंड्री तीन महिने बंद होती. ते रोज सकाळी डबा घेऊन चौकात बिगारी मजुरांबरोबर उभे राहायचे. कधी काम मिळायचं, बरेचदा नाही. म्हणून द्राक्षमळ्याचा दाखला त्यांचा फार आवडता. धनी संध्याकाळी पाचला बाजारात जातो, तिथं उभ्या असलेल्यांना विचारतो, दिवसभर रिकामे का उभे राहिलात? ते म्हणतात, आम्हाला कोणी कामावर लावलं नाही. आणि त्यांनाही दिवसाची पूर्ण मजुरी मिळते. संडे स्कूलमध्ये मी विचारलं होतं की हा सकाळपासून राबलेल्यांवर अन्याय नाही का. घरी येऊन आप्पांना तेच विचारलं. ते म्हणाले, "पाच वाजेपतूर चौकात उभा ऱ्हातोय तो आळशी नसतोय. आळशी अकरालाच घरी जातोय." पुढं काही नाही. परत डब्यात तोंड.

आता माझं सांगतो, नाहीतर हे सगळं वडिलांच्या जिवावरचं शहाणपण होईल.

२०१२ साली मी कर्ज काढून स्वतःचं शेड घातलं, लाकूड कापायची जुनी बँडसॉ घेतली. हप्ते मोठे. कामं भरपूर घेतली आणि रविवारीही शटर वर केलं. सलग चौदा रविवार. गंमत बघा, मला कुणी सोमवारचा ख्रिस्ती म्हटलं नाही. "पोरगा कष्टाळू हाय," "प्रभू आशीर्वाद देतोय" असंच म्हणाले. आप्पा पगारी मोल्डर होते, मी शेडचा मालक होतो आणि अर्पणाच्या थैलीत नोट टाकत होतो. फरक तेवढाच. मलाही ते गोड लागलं. रात्री दोनला दिवा बंद करताना मला स्वतःबद्दल फार बरं वाटायचं. देवाच्या वहीत माझ्या नावापुढं कुणीतरी तास लिहून घेतंय असं वाटायचं. तारण कृपेनं आहे, कर्मांनी नाही, हे इफिसकरांचं वचन मी सातव्या वर्षी पाठ म्हणून दाखवून बक्षीस घेतलेलं आहे. पाठांतराचा उपयोग तेवढाच झाला.

पंधराव्या आठवड्यात एका पंपाच्या बेसप्लेटचं काम आलं. लांबी ८०० मिलीमीटर. बीड थंड होताना आकसतं, साधारण शंभराला एक. म्हणून आमच्याकडं वेगळी पट्टी असते, श्रिंकेज पट्टी. तिच्यावरचा एक मीटर खऱ्या मीटरपेक्षा दहा मिलीमीटर मोठा असतो. मी झोपेच्या तारेत साधी स्टीलची पट्टी उचलली आणि सगळी मापं तिच्यावर घेतली. बारा कास्टिंगं ओतून झाली तेव्हा कळलं. प्रत्येक आठ मिलीमीटर तोकडं. एकही होल जुळेना.

फौंड्रीचे मालक माझ्या शेडवर आले. आणि मी म्हणालो, "पोराकडनं चूक झाली."

माझ्या हाताखालचं पोरगं तिथंच होतं. एकोणीस वर्षांचं, हातात झाडू. त्यानं मालकांकडं बघितलं नाही, माझ्याकडं बघितलं, आणि परत झाडायला लागलं.

आप्पा तेव्हा निवृत्त होऊन दुपारी शेडवर येऊन बसायचे. मालक गेल्यावर ते उठले, बाकावरची स्टीलची पट्टी उचलली, खणातून श्रिंकेज पट्टी काढली, दोन्ही एकमेकींवर ठेवल्या. मग म्हणाले, "पोराच्या हातात ही पट्टी कवा दिलतीस?"

कधीच दिली नव्हती. मापं मी कुणाला घेऊ देत नव्हतो, माझ्याइतकं चोख कोण करणार, ही घमेंड. दुसऱ्या दिवशी फौंड्रीत जाऊन खरं सांगितलं. मालक म्हणाले, "मला कालच कळलंतं. तुझ्याकडं ते पोरगं पॅटर्नला हात तरी लावतंय का?" ओतकामाचे पैसे मी भरले, हप्ता चुकला, नवा पॅटर्न फुकट करून दिला. रविवारी शटर परत वर केलं नाही.

पोरगं महिन्याभरानं दुसरीकडं लागलं. मागच्या उन्हाळ्यात रंकाळ्यावर भेटलं, कडेवर मुलगी, बरोबर बायको. "दादा, बरं हाय न्हवं?" म्हणालं आणि भेळेचे पैसे मला देऊ दिले नाहीत. मालकासमोर मी खरं बोललो, पण त्या पोराला तोंडानं "चुकलं माझं" कधी म्हणालो नव्हतो. रंकाळ्यावरही नाही म्हणालो. भेळ खाल्ली.

चिकाटीला मी नावं ठेवत नाही, तसं कुणी समजू नका. चप्पल लाईनीतून जाताना मला हमखास विल्यम केरी आठवतो. इंग्लंडात जोडे शिवणारा माणूस, १७९३ साली मिशनरी म्हणून बंगालात आला आणि पंडितांच्या मदतीनं १८०५ साली आपल्या मराठीचं व्याकरण छापलं, १८११ साली मराठी नवा करार. १८१२ मध्ये बंगालातल्या श्रीरामपूरच्या छापखान्याला आग लागली, कित्येक हस्तलिखितं जळाली, तर परत पहिल्यापासून बसला. आपल्यात विशेष काय, तर आपण रेटत राहू शकतो, अशा अर्थाचं तो पुतण्याला म्हणाला होता. एका मेजवानीत कुणीतरी हा जोडे बनवणारा होता ना, असं हिणवलं तर केरी म्हणाला, बनवणारा नव्हे, नुसता दुरुस्त करणारा. ज्या देशात कातड्याला हात लावणाऱ्याची सावली चालत नव्हती तिथं हे उत्तर किती मोलाचं, हे कोल्हापूरकराला सांगायला नको. मला त्याचं रेटणं आवडतं, पण हे उत्तर जास्त आवडतं. कष्टाची बढाई नाही त्यात आणि लाजही नाही.

आप्पा २०१६ साली गेले. शेवटचं वर्षभर कंबर पार गेली होती, चर्चला नेणं जमत नव्हतं. मी वाचून दाखवायचो. त्यांना बायबलमधलं प्रेषितांची कृत्ये हे पुस्तक आवडायचं, कारण त्यात "मानसं सारखी हिंडत्यात." विसाव्या अध्यायात पौल इफिसच्या वडीलजनांना निरोप देताना आपले हात दाखवतो, ह्याच हातांनी माझ्या आणि माझ्या सोबत्यांच्या गरजा भागवल्या. तंबू शिवणारे हात. तिथं आप्पा नेहमी स्वतःच्या हातांकडं बघायचे. पण त्यांना त्याच अध्यायातली आधीची गोष्ट परत परत ऐकायची असायची. पौलाचं भाषण मध्यरात्रीपर्यंत लांबतं, युतुख नावाचा तरुण खिडकीत बसल्या बसल्या झोपतो आणि तिसऱ्या मजल्यावरून खाली पडतो. मेलाच, असं लोक म्हणतात. पौल खाली जातो, त्याला कवटाळतो, घाबरू नका, जीव आहे त्याच्यात, म्हणतो. "पौलानं त्याला झापलं न्हाई," आप्पा दर वेळी म्हणायचे. "दिवसभर राबून आलं आसंल पोरगं."

तर गेल्या रविवारी आशीर्वचनाला सगळे उभे राहिले तेव्हा माझा शेजारी जागा झाला. ओशाळला. बाहेर चहा घेताना मी त्याला म्हणालो, अहो, तिसरी पाळी करून कशाला जीव काढताय, घरी झोपा की एखादा रविवार. तो म्हणाला, "घरात पोरं दंगा करत्यात ओ. हितं गार असतंय. आन् गाणी चालू असली की लागती झोप." मग जरा थांबून, "पैलं गाणं मातर म्हणतो मी. पूर्ण."

तेवढ्यात पाळकसाहेब आले. मला वाटलं आता मुंगी निघणार. त्यांनी त्याला विचारलं, "किती दिवस आहे अजून तिसरी पाळी?" "म्हैनाभर," तो म्हणाला. पाळकसाहेबांनी मान हलवली आणि बिस्किटाचा पुडा त्याच्यापुढं केला.

या रविवारी मी दहा मिनिटं लवकर गेलो आणि भिंतीकडची जागा धरून ठेवली. त्या बाकाला टेकायला भिंत आहे, आणि वर पंखा नवा बसवलाय, घरघरत नाही. तो आला, पहिलं गाणं म्हणाला, आणि दुसऱ्या गाण्याला डोकं भिंतीला लागलं.